पूर ओसरला: अमेरिकेतले डॉलर मंडळाच्या खात्यात घ्यायचे का?

वैनगंगाकाठ:
पाणी उतरलं. बांध्यांत गाळ, पऱ्हे वाहून गेले, विहिरी गढूळ. गावची दोन पोरं अमेरिकेत आहेत, तिथल्या मराठी मंडळानं सहा हजार डॉलर जमवलेत. आमचं युवक मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे. सरळ खात्यात मागवले तर चालते का? दूतावासाला पत्र लिहा, असंही काहीजण म्हणतात.

हिशेबवही:
भाऊ, खाते क्रमांक पाठवूच नका. धर्मादायची नोंदणी इथं पुरत नाही. परदेशी पैशाला एफसीआरए (परदेशी देणगीचा केंद्राचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, अन् रक्कम दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. विनापरवाना घेतल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लोक फसतात ते इथं: सभासद भारतीय असले तरी तिथलं मंडळ परदेशी संस्था ठरते. पोरांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या नावानं बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत अन् पावती फायलीत ठेवा. मित्रांचे पैसे मात्र त्यात मिसळू देऊ नका. ओसीआयवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे कार्डधारक) परदेशी नागरिकच.

दूतावासाचा नाद सोडा. २०१८ च्या केरळ पुरातही केंद्रानं परदेशी सरकारांचा पैसा घेतला नव्हता.

वैनगंगाकाठ:
मग एफसीआरएवाल्या मोठ्या संस्थेत जमा करून आमच्याकडे वळते केले तर?

हिशेबवही:
नाही जमत. २०२० च्या दुरुस्तीपासून नोंदणीकृत संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्या संस्थेनं स्वतः खरेदी करावी, बिलं तिच्याच नावाची, वाटपही तिनंच करावं. तुम्ही घरनिहाय यादी द्या, जागा द्या, माणसं द्या. त्या सहा हजार डॉलरला हाच रस्ता बरा.

पाणीवाला:
कपडे मागवू नका, ओल्या शाळेत कुजतात. पहिला खर्च पाण्यावर करा.

विहीर आधी उपसा, गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो. मग व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × ७८५, म्हणजे लिटर. ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणीच विहिरीत सोडा अन् बादलीनं ढवळा. तासाभरानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला का, ते रंगावरून पाहायची चाचणी) करा. चाचणीचं पाणी पिवळं झालं नाही तर मात्रा कमी पडली किंवा टीसीएल शिळं आहे. उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो, पुरात भिजलेलं पोतं तर वापरूच नका. सुरुवातीला ही टेस्ट रोज करा, अन् हातपंपाकडेही लक्ष द्या.