फील्ड सोडून किनाऱ्यावर जाऊ का? मदत हवी आहे

एका खासगी कंपनीच्या ऑफशोअर, म्हणजे समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर सात वर्षं प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. १४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी. आता शिफ्ट इन्चार्जची जागा रिकामी होतेय, तर साहेब म्हणतात, "किनाऱ्यावर प्लॅनिंगला ये, तुला सोयीचं पडेल." सोय कुणाची, देव जाणे! प्लॅटफॉर्मवर जायला लागणारं, बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं ट्रेनिंग मी सगळ्यांसोबतच केलंय ना?

मला ओआयएम, म्हणजे अख्ख्या प्लॅटफॉर्मची प्रमुख व्हायचंय. २०२२ मध्ये अलका मित्तल ओएनजीसीच्या प्रमुख झाल्या, पण त्या एचआरमधून आलेल्या. फील्डमधूनच वर गेलेल्या कुणी ताई इथे आहेत का? दोन वर्षं किनाऱ्यावर काढली तर परत फील्ड मिळतं का? मुलगी चार वर्षांची आहे, सासूबाई सांभाळतात. साहेबांना उत्तर पुढच्या हिचआधी, म्हणजे समुद्रातल्या पुढच्या १४ दिवसांआधी द्यायचंय.