मदत हवी आहे: नागपूर ते गोवा विमानाने नक्की किती वेळ?

सोनेगावकर:
घाईत आहे, तिकीट आज रात्रीच काढायचंय. नागपूर-गोवा अंतर एका साइटवर ८०७, दुसरीकडे ४३६. विमान ताशी ८०० ने जातं म्हणतात, म्हणजे तासाभरात पोचायला हवं. तिकिटावर मात्र १ तास ४० मिनिटं. कोण खोटं बोलतंय? सोबत आई आहे, संध्याकाळच्या आत पोचायचंय. "गूगल कर" म्हणू नका, करूनच आलोय.

कटिंग_चहा:
गोवा म्हणजे मोपा की दाबोळी?

सोनेगावकर:
गोवा म्हणजे गोवा. एकच तर आहे ना विमानतळ?

कटिंग_चहा:
होता. जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू आहे. तिकिटावर जीओआय दिसलं तर दाबोळी, जीओएक्स दिसलं तर मोपा. नागपूरहून दाबोळी सरळ रेषेत ८४० च्या आसपास पडतं. तुमचे ८०७ मोपाचे असणार.

भाऊ_वर्धेकर:
विमान काहून पाहिजे बाप्पा? समृद्धीनं निघा, ७०१ किलोमीटर, रस्ता लोण्यासारखा. मी स्वतः दोनदा गेलो.

कटिंग_चहा:
समृद्धी मुंबईकडे जातो. यांना गोव्याला जायचंय.

भाऊ_वर्धेकर:
मग शक्तिपीठ होऊ द्या, पवनार ते थेट पत्रादेवी.

उसाचा_फड:
आमच्या जमिनीवरून ना? आधी शेतकऱ्याला विचारा, मग गाड्या पळवा.

ढगांच्या_वर:
रस्त्यांचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. सोनेगावकर, कोणीच खोटं बोलत नाहीये. ४३६ हे सागरी मैल आहेत, १.८५२ ने गुणा, ८०७ येतात. वेळेचं म्हणाल तर ताशी ८०० चा वेग वर उंचावर गेल्यावर. चढताना-उतरताना तो बराच कमी असतो, आणि मार्गही पट्टी लावून आखलेला नसतो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे उभं राहीपर्यंतची. धावपट्टीपर्यंतचं रांगणं त्यातच आलं, वर कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात. प्रत्यक्ष हवेत सव्वा तासाच्या आसपास धरा. विमान कुठलं आहे? पंख्याचं एटीआर असेल तर हे गणित विसरा, ते ५०० च्या आसपासच जातं.

सोनेगावकर:
विमान कुठलं ते कोण बघतं! एअरबस लिहिलंय बहुतेक.

जुना_पोस्टमन:
नागपूरचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. तेव्हा कोणी मिनिटं मोजत नव्हतं.

ढगांच्या_वर:
काका, मिनिटं मोजत होते म्हणूनच चारही एका वेळी जमायची.

मालवणी_खाजा:
तां सगळा ऱ्हवांदे. तुमका उतरान जावचा खंय?

सोनेगावकर:
सावंतवाडीला. मामेबहिणीचं लग्न आहे, संध्याकाळी सीमांतपूजन.

मालवणी_खाजा:
अरे देवा! मगे दाबोळीचा नावच काढू नको. मोपा पेडण्यात, आमच्या हद्दीक लागान. दाबोळीसून येवचा म्हणजे अर्धो गोवा पालथो घालूचो.

कटिंग_चहा:
चिपी बघितलंत का? तेही सिंधुदुर्गातच.

मालवणी_खाजा:
नागपुरासून थेट विमान असलां तर बघतले ना!

सोनेगावकर:
काढलं तिकीट, जीओएक्स. दाबोळीचं पाचशेने स्वस्त होतं, तेच काढणार होतो.

भाऊ_वर्धेकर:
परतीला समृद्धी बघा. टोल किती पडते, सांगू का?