नवं शहर बांधणारे निघून जातात, मग चालवायचं कोणी?

जलवाहिनी (धागाकर्ता)
नव्या शहराच्या आराखड्यात चौक, उद्यानं, रुंद रस्ते सगळं देखणं असतं. पाइप फुटला की कुठे खणायचं, ते मात्र नसतं. देखभाल अभियंत्याची सही झाल्याशिवाय नकाशा मंजूरच होऊ नये, असं माझं मत. जमिनीच्या उताराने मलवाहिन्या टाकल्या की मैला आपसूक वाहतो. रस्ते कागदावर सरळ दिसावेत म्हणून उताराकडे काणाडोळा केला, की पंपिंग स्टेशन आलं आणि त्याचं वीजबिल कायमचं गळ्यात. सिंगापूरने मरीना बे भागात वाहिन्यांसाठी भुयारच बांधलं. रस्ता न फोडता दुरुस्ती होते. नव्या शहरात पहिल्या दिवसापासून हेच हवं.

रिकामा_प्लॉट
साफ असहमत. मरीना बेला जागेची टंचाई आहे, वर गगनचुंबी इमारती आहेत, म्हणून भुयार परवडतं. माणसंच आली नाहीत तर? भविष्यातल्या गर्दीच्या हिशेबाने मोठी मलवाहिनी टाकायची आणि वस्ती निम्मीही नाही. प्रवाहाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरखाली गेला की गाळ बसायला लागतो. पिण्याच्या पाण्याचंही तेच. मोठ्या पाइपात पडून राहिलं की क्लोरीन कमी होत जातो. तुमची दूरदृष्टीच देखभालीच्या मुळावर! टप्प्याटप्प्याने बांधा, पुढच्या वाहिन्यांसाठी पट्टा राखून ठेवा.

जलवाहिनी
गाळाचं मान्य, ते माझ्या डोक्यात नव्हतं. पण राखीव पट्टा राखीव राहिलेला पाहिलाय कुणी? आधी पार्किंग, मग टपऱ्या, मग कोर्टाची स्थगिती.

जमाखर्च
दोघंही पाइपात अडकलात. पैशाचं काय? इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स १९६७ मध्ये नवं शहर म्हणून घोषित झालं. १९९२ मध्ये तिथली उद्यानं एका ट्रस्टकडे दिली, तेव्हा सोबत भाडं देणाऱ्या व्यावसायिक मालमत्ताही दिल्या. गवत कापायला दरवर्षी कुणाच्या दारात जायला नको. देखभालीची तरतूद म्हणतात ती ही. बाकी सह्या घ्या कितीही.

रिकामा_प्लॉट
१९९२ पर्यंत ते शहर पंचवीस वर्षांचं झालं होतं हो. निम्म्या रिकाम्या गावात भाडेकरू कुठून आणायचे?

जमाखर्च
म्हणून तर जमिनी विकून टाकायच्या नाहीत, भाडेपट्ट्याने द्यायच्या. इंग्लंडमधल्याच लेचवर्थ या नियोजित शहरात १९०३ पासून हीच कल्पना होती. सुरुवातीला पैसा येतो हळूच, हे कबूल.

जलवाहिनी
तोवर पंपाचं बिल?