विल्यम डेनिसन: इंजिनियर ते गव्हर्नर कसा झाला?

सिडनीच्या बंदरातल्या फोर्ट डेनिसनचा फोटो बघितला, तो ज्याच्या नावाचा आहे तोच पुढे मद्रासचा गव्हर्नर होता म्हणे. लष्करी इंजिनियर एवढा वर कसा गेला?

उत्तर १: हो तोच. रॉयल इंजिनियर्सचा (ब्रिटिश सैन्याच्या इंजिनियर दलाचा) माणूस, कॅनडात रिडो कालव्याच्या कामावर होता आणि तिथे लाकडाच्या ताकदीवर प्रयोग केले त्याला टेलफर्ड मेडल (ब्रिटनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेचं पदक) मिळालं. मग १८४७ ला टास्मानियाचा लेफ्टनंट गव्हर्नर, १८५५ ला न्यू साउथ वेल्सचा (सिडनी जिथे आहे त्या वसाहतीचा) गव्हर्नर, १८६१ ला मद्रासचा. वसाहतीत रस्ते, पूल, तटबंदी हेच तर मोठं काम, त्यामुळे असे लोक सरकारला हवेच असायचे.

उत्तर २: कौतुक जरा जपून करा, टास्मानियात लोक ब्रिटनमधून कैदी आणणं बंद करा म्हणून ओरडत होते आणि हा ते चालू ठेवायच्या बाजूने होता, शेवटी १८५३ मध्ये बंद झालंच.

उत्तर ३: भारी गोष्ट राहिली की! १८६३ मध्ये व्हाइसरॉय एल्गिन धरमशाळेत वारला तेव्हा आधी रॉबर्ट नेपियर आणि मग डेनिसन हंगामी व्हाइसरॉय झाले, म्हणजे लागोपाठ दोन लष्करी इंजिनियर. जानेवारी १८६४ मध्ये नवा व्हाइसरॉय लॉरेन्स आला आणि डेनिसन परत मद्रासला.