प्रति: ब्रेडची गाठ सुटते

दादा, बास या परदेशी माशासाठीची ब्रेड, म्हणजे मासेमारीचा विणलेला दोर, हिडकल धरणाच्या पाण्यात मरळ माशाला चालेल का आणि गळ बांधायची क्लिंच गाठ त्यात का सुटते, असं विचारलंत. चालेल की! बास आपल्याकडे नाही, पण मरळही तशीच गवतात दबा धरून बसते. न ताणणारा दोराच तिला बाहेर ओढतो. गाठ मात्र बदला. ब्रेड गुळगुळीत, क्लिंच त्यात सरकते. पालोमर गाठ घाला: दोर दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढा, सैल साधी गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा गळ पार करा, मग आवळा. त्याआधी थुंकी लावायची, कोरडा दोर घासून भाजतो (नायलॉन तर हमखास). आणि स्पूलवर (रिळाच्या दोर गुंडाळायच्या चक्रीवर) आधी थोडा नायलॉन गुंडाळा, नाहीतर सगळी ब्रेड त्यावर घसरून जागच्या जागी फिरते. माझी फिरली होती, तीही मासा लागलेला असताना!