प्रतिसाद : योग्य वाट आणि बंदिशाळा

देवानेच वाट दाखवली असेल, तर त्या वाटेवर इतकी संकटे का यावीत, हा आपला प्रश्न वाचून मला बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १६वा अध्याय आठवला. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौल या प्रेषिताला आधी आसिया या रोमी प्रांतात वचन, म्हणजे देवाचा संदेश, सांगण्यास पवित्र आत्म्याकडून मनाई झाली, बिथुनिया प्रांताची वाटही बंद झाली आणि त्रोवस या बंदरात झालेल्या दृष्टान्तावरून तो मासेदोनिया प्रांतात गेला. म्हणजे मार्गदर्शन याहून स्पष्ट क्वचितच मिळाले असेल. तरीही तेथील फिलिप्पै शहरात त्याच्या आणि त्याचा सोबती सीला याच्या वाट्याला छड्यांचा मार आला आणि बंदिशाळेत टाकून त्यांचे पाय खोड्यात अडकवले गेले. त्यामुळे संकट आले म्हणजे वाट चुकली, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. (संकट आले म्हणजे वाट बरोबरच आहे, हाही तितकाच घाईचा.)

साक्ष देण्याविषयी, म्हणजे आपला विश्वास इतरांपुढे मांडण्याविषयी, बंदिशाळेतील त्याच रात्रीचा एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. भूकंपाने दारे उघडली असतानाही पौल पळाला नाही. कैदी निसटले असे समजून आत्महत्येसाठी तलवार उपसणाऱ्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याला त्याने ओरडून थांबवले. प्रवचन त्यानंतर झाले, आणि त्याच अधिकाऱ्याने रात्रीच्या त्याच घटकेस त्यांच्या जखमा धुतल्या.

माझ्या दीर्घ आजारपणात मला पाठ केलेली वचने ऐकवणारे पुष्कळ भेटले, परंतु स्वतःचे दुःख न लपवता शेजारी बसून प्रार्थना करणाऱ्या एका वृद्ध बाईंमुळेच मी पुन्हा येशूचे चरित्र सांगणारे शुभवर्तमान उघडले.