गेममधलं प्रेम खरं कुठे वाटतं? (स्पॉयलर आहेत)

माळरान_७
भेटवस्तू द्या, हार्ट (जवळिकीचं माप) भरा, लग्न करा, या साच्यापलीकडे जाणारी, मनापासून पटणारी जोडी कुठल्या गेममध्ये आहे? सध्या विचर ३ सुरू आहे, नोव्हिग्राड शहरापर्यंत आलोय. नायक गेराल्टसाठी येनेफर की ट्रिस, या दोन जादूगारणींपैकी कोण ते अजून ठरलेलं नाही, त्यामुळे कुठली क्वेस्ट (कामगिरी) हुकली की दार बंद होतं तेही सांगा. पुढचा नंबर बाल्डर्स गेट ३ चा. स्पॉयलर चालतील.

चांदणवेल
येनेफर. 'द लास्ट विश' ही स्केलिग बेटांवरची क्वेस्ट खेळा, कारण कळेल. गेराल्टने पूर्वी जिनकडे मागितलेल्या इच्छेमुळे दोघांचं नशीब एकमेकांना बांधलं गेलंय. येनेफरला छळणारा प्रश्न असा की ही ओढ आपली की जादूची? म्हणून ती दुसरा जिन गाठून ते बंधन तोडायला लावते. मग डोंगराच्या माथ्यावर येऊन पडलेल्या मोडक्या जहाजावर दोघं बसलेली असतात, आपल्या मनात काहीच बदललं नाही हे ती सांगते आणि उत्तर खेळणाऱ्यावर येतं. तिथे 'आय लव्ह यू' निवडा. आपलंच प्रेम असं पणाला लावून तपासणारी दुसरी नायिका गेममध्ये मला तरी दिसत नाही.

ट्रिसचा निर्णय 'नाऊ ऑर नेव्हर'मध्ये, नोव्हिग्राडच्या धक्क्यावर होतो. 'पुन्हा एकदा प्रयत्न करू' अशा अर्थाचा पर्याय तिथे दिसतो आणि बरेच जण तोच घेतात. त्यावर ती जहाजात बसून निघून जाते. स्पष्ट 'आय लव्ह यू' म्हटलं तरच थांबते. दोन्ही क्वेस्ट मुख्य कथेतल्या 'आयल ऑफ मिस्ट्स' बेटाला निघण्याआधी संपवा आणि दोघींनाही तेच वाक्य ऐकवू नका. पुढे त्या मिळून गेराल्टला पलंगाला बांधून ठेवतात आणि दोघीही हातच्या जातात.

शून्यप्रहर
माझं मत गॅरसला, मास इफेक्ट या अंतराळातल्या गेममालिकेतला. पहिल्या भागात तो फक्त सहकारी, प्रेमाचा धागा सुरू होतो दुसऱ्या भागात (२०१०), तोही शेपर्ड, म्हणजे आपलं मुख्य पात्र, स्त्री असेल तरच. आधी त्याची लॉयल्टी मिशन (त्याची वैयक्तिक कामगिरी) पूर्ण करायची, मग जहाजावर त्याच्याशी बोलत राहायचं. तिसऱ्या भागात हे नातं नव्याने सुरू करता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या भागाची सेव्ह (साठवलेला खेळ) इम्पोर्ट करणं भागच आहे. जहाजाचं चिलखत, ढाल आणि तोफ हे तिन्ही अपग्रेड केल्याशिवाय शेवटच्या मोहिमेला जाऊ नका. तोफ राहिली तर गॅरस वाटेतच मरू शकतो.

तिसऱ्या भागात सिटाडेल या अंतराळ स्थानकाच्या उंच जागी दोघं बाटल्यांवर नेम धरतात. शेपर्डचा नेम मुद्दाम चुकवता येतो, आणि तो जिंकल्यावर किती खूश होतो ते बघाच. प्रेमाचं एक अक्षरही न बोलता हरायची मुभा मिळते. लिहिणाऱ्याने पात्रं किती ओळखली आहेत ते इथे कळतं.

पाणकावळा
पर्याय निवडायलाच हवेत असं कुठे आहे? अनचार्टेड ४ (२०१६) मधले नेट आणि एलेना हे नवरा-बायको घ्या. घरी जेवण होतं, भांडी कोणी घासायची यावर पैज लागते आणि तुम्ही टीव्हीवर चक्क क्रॅश बँडिकूट हा जुना गेम खेळून एलेनाचा स्कोअर मोडायला बघता. लग्न मुरलंय हे त्या पाच मिनिटांत समजतं, म्हणूनच पुढे नेट मलेशियाच्या कामाचं खोटं सांगतो तेव्हा राग येतो.

कंदील_२
हार्टवाल्या पद्धतीला उगाच नावं ठेवू नका. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये एक हार्ट म्हणजे २५० गुण. अतिशय आवडती वस्तू दिली की ८०, आणि वाढदिवसाला त्याच्या आठपट. म्हणजे अॅबिगेल या पात्राला तिच्या वाढदिवशी, फॉल ऋतूच्या १३ तारखेला, एक अॅमेथिस्ट दिला की ६४०, अडीच हार्टच. एरवी आठवड्याला दोनच भेटी चालतात. लोक अडकतात ते आठ हार्टला: पिएरच्या दुकानातून २०० गोल्डचा बुके घेऊन दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. दहा झाले की समुद्रकिनाऱ्यावरचा पूल दुरुस्त करून (३०० लाकूड) पावसाच्या दिवशी म्हाताऱ्या खलाशाकडून ५,००० गोल्डला मर्मेड्स पेंडंट (लग्नाची मागणी घालायचा दागिना) घ्यायचं. घराचा पहिला अपग्रेड झालेला नसेल तर तो विकणारच नाही. गुण ही फक्त किल्ली आहे. खरा माल हार्ट इव्हेंटमध्ये (हार्ट वाढल्यावर दिसणाऱ्या प्रसंगांत) आहे, आणि ते वाचायच्या ऐवजी टॅप करत पुढे गेलात तर साचाच दिसणार.

माळरान_७
आभार! बाल्डर्स गेटमध्ये प्रेमासाठी कार्लाख ही सोबतीण घ्यायची म्हणतोय. काय सांभाळू?

चांदणवेल
डॅमन नावाच्या लोहाराला जिवंत ठेवा, बाकी सगळं त्यावर टेकलंय. कार्लाखच्या छातीत नरकातलं इंजिन धगधगत असतं, तिला कोणी हात लावला तर भाजतो. ते निवळवायला इन्फर्नल आयर्न हा खास धातू लागतो. एक तुकडा पहिल्या अंकात ड्रुइड ग्रोव्ह या वस्तीत डॅमनला द्या, दुसरा दुसऱ्या अंकात लास्ट लाइट इन या सराईत. तुकडे सापडले की विकू नका. ग्रोव्हवर हल्ला करणाऱ्यांची बाजू घेतली तर कार्लाख सोडून जाते.

लास्ट लाइटला पोहोचल्यावर वरच्या मजल्यावरच्या इझोबेलशी बोलण्याआधी खाली डॅमनकडे जाऊन काम उरका. तिच्याशी बोलल्यावर हल्ला होतो, आणि तिला पळवून नेलं तर डॅमनही मरतो. शिवाय लाँग रेस्ट (कॅम्पमधली रात्रीची झोप) वेळोवेळी घ्या. कॅम्पमधले प्रसंग त्याच रात्री घडतात, झोप टाळत धावलात तर बरेच कधी दिसतच नाहीत. दुसऱ्या दुरुस्तीनंतर तिला पहिल्यांदा मिठी मारता येते. त्या वेळी घाई करू नका, तिचा प्रत्येक संवाद ऐका.